पंपाची जाळी

३० जुलै, सर्जेकोट (मालवण)

पाऊस दुपारनंतर ओसरला. होडीवरची झापं दादाने आज काढली. मासेमारीची बंदी परवा उठेल, पण नारळ वाहिल्याशिवाय आमची होडी पाण्यात जात नाही, तेव्हा हाताशी अजून थोडे दिवस आहेत. बाबांचे गुडघे धरलेत, ते पडवीत बसूनच सगळ्यावर लक्ष ठेवतात.

गेले काही दिवस रात्री जेवणं झाली की मी त्यांना इंग्रज दर्यावर्दी स्कॉटच्या दक्षिण ध्रुवाच्या मोहिमेबद्दल वाचून दाखवते आहे. स्कॉट म्हटलं की सगळ्यांना आठवतं ते शेवटचं: नॉर्वेचा ॲमुंडसेन ध्रुवावर आधी पोचलेला आणि परतीच्या वाटेवर स्कॉट आणि त्याच्या साथीदारांचा बर्फात झालेला मृत्यू. शाळेत मीही तेवढंच शिकवलं. बोटीचा प्रवास आम्ही एका वाक्यात उरकतो. वाचताना मात्र मी त्या प्रवासातच अडकले, आणि बाबा तर माझ्यापेक्षा जास्त.

‘टेरा नोव्हा’ ही १८८४ साली बांधलेली, देवमाशांच्या शिकारीवर जाणारी जुनी लाकडी बोट. २९ नोव्हेंबर १९१० ला तिने न्यूझीलंडचं पोर्ट चाल्मर्स सोडलं तेव्हा तिच्यावर १९ घोडे, तीसेक कुत्रे आणि तीन मोटर स्लेज होत्या, शिवाय कोळसा इतका की तळात मावेना म्हणून ३० टन गोण्यांतून डेकवरच रचलेला. हे ऐकल्या ऐकल्या बाबांनी मान हलवली. “वरती इतक्या वजन?” एवढंच बोलले. पुढे काय होणार ते त्यांना तिथेच कळलं होतं.

१ डिसेंबरला वादळ लागलं. लाटा डेकवरून वाहायला लागल्या, गोण्या सुटल्या आणि लाटेबरोबर धावत येऊन पेट्रोलच्या पेट्यांवर आदळू लागल्या. डेकच्या फळ्यांतून पाणी झिरपत खाली गेलं, आणि त्याच्याबरोबर कोळशाची भुकटीही. तळाला यंत्राचं तेल होतं. भुकटी आणि तेल मिळून त्याचे गोळे झाले आणि ते गोळे पंपाच्या नळ्यांत अडकले. पंप बंद. पाणी चढत गेलं, शेवटी बॉयलरची आग काढावी लागली. पंपाची विहीर, म्हणजे पंपाच्या नळ्या जिथे उतरतात तो तळातला खण, तिथपर्यंत जायची वाट डेकवरच्या झाकणातून, आणि ते उघडलं असतं तर समुद्रच आत आला असता.

मग राहिल्या बादल्या. इंजिनखोलीच्या शिडीवर माणसं एकाखाली एक उभी राहिली, खालून वर बादली, वरून खाली रिकामी बादली. अधिकारी, शास्त्रज्ञ, खलाशी सगळे एकाच रांगेत, पाळीपाळीने, गाणी म्हणत. पुढच्या बाजूला घोड्यांची देखभाल करणारा ओट्स रात्रभर घोड्यांना पायावर उभं ठेवायला झटत होता. एक कुत्रा लाटेने साखळी तोडून बाहेर नेला आणि पुढच्याच लाटेने परत डेकवर आणून टाकला. हे वाक्य बाबांनी मला दोनदा वाचायला लावलं.

“किती येळ उपसल्यांनी?” त्यांनी विचारलं.

पूर्ण एक दिवस आणि वर. शेवटी इंजिनखोलीच्या आडभिंतीला भोक पाडलं, लेफ्टनंट इव्हान्स त्यातून सरपटत पंपाच्या विहिरीत उतरला आणि काळ्या पाण्यात हात घालून ते गोळे काढले. पंप लागला. हिशेब केला तेव्हा दोन घोडे, एक कुत्रा आणि १० टन कोळसा गेला होता.

बाबा बराच वेळ काही बोलले नाहीत.

मी अकरा वर्षांची असताना आमची होडी एकदा रात्री आली नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी दुसऱ्या होडीने ती ओढून आणली. जाळ्याचे नायलॉनचे तुकडे, माशांची खवलं आणि डिझेलचा गाळ यांनी पंपाची जाळी बुजली होती, आणि चार माणसांनी पहाटेपर्यंत तेलाच्या डब्यांनी पाणी उपसलं होतं. बंदरावर उतरताना बाबांची बोटं वळत नव्हती, आईने त्यांना पेज भरवली. ती रात्र त्यांनी आजवर सांगितलेली नाही. काल मात्र इव्हान्सचं वाचून झाल्यावर आपले दोन्ही हात पालथे करून बघत बसले होते.

९ डिसेंबरला बोट बर्फात शिरली आणि ३० तारखेला बाहेर पडली. तरंगत्या बर्फात लाट मरते, असं वाचताना बाबांच्या चेहऱ्यावर नवल होतं. लाट नसलेला समुद्र! तिथे खलाशी डोलकाठीवरच्या पिंपात बसून ढगांचा खालचा रंग बघतात. ढग खालून पांढरे चमकले तर खाली बर्फ, काळपट दिसले तर खाली मोकळं पाणी. हे त्यांना समजावून सांगावं लागलं नाही. पाण्याची खबर आभाळात बघायची, हे त्यांनी आयुष्यभर केलंय.

आपली पहिली अंटार्क्टिका मोहीमही इथून जवळूनच निघाली होती. ६ डिसेंबर १९८१ ला गोव्याहून, नॉर्वेच्या ‘पोलर सर्कल’ या भाड्याच्या बोटीने, समुद्रशास्त्रज्ञ डॉ. कासीम यांच्या नेतृत्वाखाली २१ माणसं. ९ जानेवारी १९८२ ला ती बर्फावर उतरली. नागपुरात जन्मलेल्या समुद्रशास्त्रज्ञ अदिती पंत दोन वर्षांनी तिथे गेल्या, तिथे पोचलेल्या पहिल्या भारतीय बायकांपैकी एक. मी शाळेत हे आवर्जून सांगते, मुली सरसावून बसतात. यंदा बोटीच्या प्रवासालाही एक पूर्ण तास देणार आहे.

मघाशी दादा वर आला तेव्हा बाबांनी विचारलं, “पंपाची जाळी धुतलंस मा?”

“हो, सकाळीच.”

“हाड हकडे.”

दादाने जाळी खोलून आणली. बाबांनी ती दिव्यासमोर धरली, भोकाभोकांतून नख फिरवलं, एका कोपऱ्यातून नायलॉनचा बारीक धागा ओढून काढला आणि माझ्या तळहातावर ठेवला. मग दादा जाळी बसवायला गेला. मी विहिरीवरून बादली भरून आणली, होडीच्या तळात ओतली, आणि दादाने पंप चालू केला. पाणी बाहेर पडल्याचा आवाज पडवीपर्यंत गेला असावा, कारण बाबांनी तिथूनच हाक मारली, “आणखी एक ओत.”