ढब्बूची धाप

घरी फोन केला की आईचा पहिला प्रश्न हल्ली नातीबद्दल नसतो, ढब्बूबद्दल असतो. "काय म्हणतोय गं तुझा उंदीर? धाप कमी झाली का?" उंदीर नाही, गिनीपिग, हे सांगणं मी सोडून दिलंय. लेकीच्या हट्टापायी ढब्बू आणि बंड्या हे दोघे भाऊ आमच्या इथल्या, परदेशातल्या घरात आले, तेव्हा हीच आई व्हिडिओ कॉलवर नाकाला पदर लावून बसली होती.

ज्यांनी हा प्राणी जवळून पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: बिनशेपटीचा, किलोभर वजनाचा, दिवसभर वाळलेलं गवत चावत बसणारा जीव. मूळचा दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज पर्वतातला. साधारण 5 ते 8 वर्षं जगतो. ढब्बू आता 6 वर्षांचा आहे, म्हणजे आजोबाच. इकडे गिनीपिग बहुतेक घरांत मुलांसाठी येतात. मुलं मोठी होतात, त्यांचं लक्ष दुसरीकडे जातं, आणि प्राणी म्हातारा होईपर्यंत तो आईबापांच्या गळ्यात पडलेला असतो. आमच्याकडेही तेच झालं. माझी त्याबद्दल तक्रार नाही.

सुरुवात शिंकांनी झाली असती तर लगेच लक्षात आलं असतं. तशी ती झाली नाही. ढब्बूला ढब्बू मिरची प्रिय (नाव त्यावरूनच पडलं). फ्रिजचं दार वाजलं की कुईकुई करत दोघेही जाळीपाशी धावत यायचे. मग ढब्बू अर्ध्या वाटेत थांबायला लागला. थांबायचा, बसायचा, पुन्हा निघायचा. मी म्हटलं, वय झालं. नंतर एका रात्री त्याच्याकडून बारीक 'हूप हूप' असा आवाज आला. उचलून पाहिलं तर प्रत्येक श्वासाला कुशी आत-बाहेर होत होत्या आणि नाकपुड्या फुललेल्या होत्या.

गिनीपिग नाकानेच श्वास घेतो. आपलं नाक चोंदलं तर आपण तोंड उघडून झोपतो, त्याला तशी सोय नाही म्हटलं तरी चालेल. त्यामुळे तोंड उघडून, मान ताणून श्वास घेणारा गिनीपिग दिसला तर सकाळपर्यंत थांबायचं नसतं. शिवाय हा शिकार होणारा प्राणी. आजारी दिसलो की आपण संपलो, हे त्याच्या रक्तात भिनलेलं. तो शेवटपर्यंत ठीक असल्याचं सोंग करतो आणि आपल्याला कळतं तेव्हा बरंच काही होऊन गेलेलं असतं.

इथल्या प्रत्येक प्राण्यांच्या डॉक्टरला गिनीपिगमधलं कळतंच असं नाही. कुत्र्या-मांजरांचे डॉक्टर वेगळे आणि या छोट्या मंडळींचे वेगळे. अशा एका दवाखान्यात फोन केला, तर पलीकडच्या बाईंनी माझं नावगाव विचारण्याआधी तीन गोष्टी विचारल्या: तोंड उघडं आहे का, हिरड्या निळसर दिसतात का, शेवटचं कधी खाल्लं. मग म्हणाल्या, बंड्यालाही सोबत आणा. मला वाटलं, संसर्गाची भीती असेल. तसं नव्हतं. जोडीदार शेजारी असला की आजारी गिनीपिग कमी घाबरतो, आणि धाप लागलेल्या प्राण्याला घाबरवणं म्हणजे त्याचा उरलासुरला श्वास काढून घेणं. (स्वित्झर्लंडमध्ये तर 2008 पासून गिनीपिग एकटा पाळायला कायद्यानेच मनाई आहे.)

डॉक्टरांनी त्याला हातही लावला नाही. आधी काचेच्या पेटीत ठेवून प्राणवायू सोडला. तपासणी नंतर. मला हे फार आवडलं. आपल्याकडे पेशंट टेबलावर आला की आधी स्टेथोस्कोप छातीवर जातो. इथे डॉक्टर पेटीबाहेर उभ्या राहून नुसत्या बघत होत्या: श्वास घेताना त्रास होतोय की सोडताना, छाती हलते की पोट, डोक्याची ठेवण कशी आहे.

तेवढ्या वेळात त्यांनी मला जे सांगितलं, ते इतकं सविस्तर लिहायचं कारण म्हणजे माझ्यासारखेच सगळे "सर्दी झाली असेल" किंवा "वय झालं" या दोनच खुंट्यांवर सगळं टांगतात. लहान वयाच्या गिनीपिगला धाप लागली तर बहुधा न्युमोनिया असतो. बॉर्डेटेला आणि स्ट्रेप्टोकॉकस हे त्यातले नेहमीचे जंतू. ससे आणि कुत्रे बॉर्डेटेला अंगावर बाळगून स्वतः ठणठणीत राहू शकतात, म्हणून ससा आणि गिनीपिग एका पिंजऱ्यात ठेवायचे नाहीत. पण म्हाताऱ्या गिनीपिगच्या बाबतीत यादी लांबते. हृदय मोठं झालेलं असू शकतं आणि फुफ्फुसात पाणी साठलेलं असू शकतं. 3 वर्षांपुढच्या गिनीपिगांत फुफ्फुसात गाठीही होतात, बऱ्याचदा साध्या, पण जागा अडवणाऱ्या. कधी मूळ दुखणं दातांत असतं: यांचे दात आयुष्यभर वाढतात, आणि दाढेची मुळं वरच्या बाजूला सरकली की नाकाची वाट अरुंद होते. कधी नुसतं पिंजऱ्यातल्या लाकडाच्या भुशाचं आणि लघवीतल्या अमोनियाचं निमित्त पुरतं.

बाहेरून हे सगळं एकसारखंच दिसतं. औषधं मात्र पूर्ण वेगळी.

एक गोष्ट ठळक अक्षरांत लिहावीशी वाटते. घरातल्या औषधांच्या डब्यात उरलेलं अमॉक्सिसिलिन या प्राण्याला कधीही देऊ नका. पेनिसिलिनच्या कुळातली औषधं त्याच्या आतड्यातले उपयोगी जंतू मारतात, मग क्लॉस्ट्रिडियम नावाचा घातक जंतू माजतो आणि त्याच्या विषाने प्राणी दगावू शकतो. खोकल्याने नव्हे, औषधाने. त्याला चालणारी प्रतिजैविकं वेगळी असतात, एन्रोफ्लॉक्सॅसिन किंवा ट्रायमेथोप्रिम-सल्फा अशी, आणि त्यांचा डोस वजनावर ठरतो.

ढब्बू जरा स्थिरावल्यावर एक्स-रे काढला. भूल न देता, कारण त्या अवस्थेत भूल नको असं डॉक्टरांचं मत पडलं आणि माझंही. हृदयाची सावली असायला हवी त्याहून मोठी होती, फुफ्फुसं धुरकट. दात बरे होते, नाक कोरडं होतं, ताप नव्हता. डॉक्टरांनी फ्युरोसेमाइड सुरू केलं, म्हणजे लघवीवाटे अंगातलं जास्तीचं पाणी काढणारं औषध. "याने लवकर फरक पडला तर रोगाचं नाव औषधच सांगेल," असं त्या म्हणाल्या. पडला. दुसऱ्या दिवशी कुशी शांत झाल्या होत्या आणि त्याने बंड्याच्या तोंडातली गवताची काडी ओढून घेतली. पुढे हृदयासाठी पिमोबेंडन जोडलं गेलं.

मधल्या काळात मी वाचत बसले. 1782-83 च्या हिवाळ्यात पॅरिसमध्ये लाव्हाझिए आणि लाप्लास या शास्त्रज्ञांनी बर्फाने वेढलेल्या भांड्यात एक गिनीपिग ठेवला, त्याच्या अंगच्या उष्णतेने किती बर्फ वितळला ते मोजलं आणि कोळशाच्या जळण्याशी ताडून पाहिलं. श्वसन म्हणजे संथ ज्वलन, हा निष्कर्ष त्यातून आला. आपण श्वास का घेतो हे माणसाला सांगणाऱ्या प्रयोगात बर्फात कुडकुडत बसलेला प्राणी हाच होता, तेव्हा त्याच्या श्वासाची थोडी काळजी आपण घेतली तर काय बिघडलं? हे मी दादाला ऐकवलं. दादाचं म्हणणं, एवढ्याशा जिवासाठी एवढे उपद्व्याप! आमच्या घरच्या ग्रुपवर दादा रोज आईच्या बीपीचे आकडे टाकतो आणि त्याच्या खाली मी ढब्बूचं वजन टाकते. त्याला ते पटत नाही. आईला पटतं.

वजनाचं खूळ डॉक्टरांनी लावलं. रोज एकाच वेळी, स्वयंपाकघरातल्या काट्यावर, टोपलीत बसवून. धाप लागलेला गिनीपिग आधी खाणं कमी करतो, कारण चावणं आणि श्वास घेणं दोन्ही एकदम जमत नाही. आणि त्याचं पोट रिकामं राहिलं की आतडी थांबतात. आपल्यासारखा तो एक दिवस उपास काढू शकत नाही. म्हणून खाणं मंदावलं की गवताच्या भुकटीची पेज करून सुई काढलेल्या सिरिंजने गालाच्या बाजूने भरवायची, थेंब थेंब, गिळल्याचं पाहून. घाई केली तर पेज श्वासनलिकेत जाते. ढब्बू पहिल्या दोन घासांना हात झटकून निषेध नोंदवतो, मग सिरिंज स्वतःच धरतो.

क जीवनसत्त्वही वेगळं द्यावं लागतं. माणूस आणि गिनीपिग दोघांनाही ते अंगात तयार करता येत नाही. नॉर्वेत होल्स्ट आणि फ्रोलिश हे दोघे संशोधक खरं तर बेरीबेरीचा (ब-1 जीवनसत्त्वाच्या अभावाने होणाऱ्या आजाराचा) अभ्यास करत होते, पण नुसत्या धान्यावर ठेवलेल्या गिनीपिगांना स्कर्व्ही, म्हणजे क जीवनसत्त्वाच्या अभावाने होणारा आजार, झाला. ते 1907 साली त्यांनी प्रसिद्ध केलं, आणि क जीवनसत्त्वाच्या शोधाची वाट तिथून उघडली. निरोगी गिनीपिगला किलोमागे रोज 10 ते 30 मिलिग्रॅम पुरतं, आजारात जास्त लागतं. पाण्यात मिसळून देण्यात अर्थ नाही, ते त्यात टिकत नाही. ढब्बू मिरची बेस्ट.

घरात बदल केले ते साधे. लाकडी भुसा गेला, धुता येणारं लोकरी कापड आलं. गवत देण्याआधी बाहेर झटकते, धुळीसाठी. हीटरपासून पिंजरा लांब सरकवला. हिवाळ्यात इथली खोलीतली हवा इतकी कोरडी होते की माझाच घसा धरतो. उदबत्ती आणि फोडणी, दोन्ही वेळी त्यांच्या खोलीचं दार बंद.

श्वास मोजायचा तो झोपेत किंवा स्वस्थ बसलेला असताना. पुस्तकी आकडा मिनिटाला साधारण 40 ते 100, म्हणजे इतका ऐसपैस की त्यावरून काही ठरत नाही. आपल्या प्राण्याचा नेहमीचा आकडा माहीत हवा. मी फोनवर अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ घेते आणि नंतर सावकाश मोजते. आकडा चढत गेला की डॉक्टरांना व्हिडिओच पाठवते. वर्णन करण्यापेक्षा ते बरं.

हे दुखणं बरं होणारं नाही, हे डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगितलं. पुढे काय, तेही. इकडे प्राण्याला शांतपणे जाऊ देण्याबद्दल डॉक्टर मोकळेपणाने बोलतात. सुरुवातीला मला ते कोरडं वाटलं, आता वाटत नाही. त्यांनी बघायला सांगितलंय ते एवढंच: स्वतःहून खातो का, आपल्याला पाहून पुढे येतो का, आडवा होऊन झोपू शकतो का. धाप लागलेला प्राणी आडवा होत नाही, बसून रात्र काढतो. तशा रात्री सलग यायला लागल्या की मी औषधं वाढवून मागणार नाही, असं आम्ही तिघांनी बसून ठरवलंय. लेक रडली, पण तिचंही मत तेच पडलं. आईला हे अजून सांगितलेलं नाही.

तूर्तास तो खातोय आणि आडवा झोपतोय. बंड्या त्याच्याच वयाचा, म्हणून डॉक्टरांनी त्याच्याही श्वासाची नोंद ठेवायला सांगितली आहे. पण फोन समोर धरला की काहीतरी खायला येतंय अशी बंड्याची ठाम समजूत, त्यामुळे तो जाळीवर उभा राहून आरडाओरडा करतो. त्याचा एकही आकडा धड मिळालेला नाही.