शेजाऱ्याचं वायफाय उघडं दिसलं तर?

"पासवर्डच नाहीये ना, मग वापरलं तर बिघडलं कुठे?" हे इतक्या जणांकडून ऐकलंय की आता लिहितेच. माझं मत, विचारल्याशिवाय वापरू नये. बऱ्याचदा त्या घरात कुणाला पत्ताच नसतो की आपलं नेटवर्क उघडं आहे, राऊटर लावला, नेट चालू झालं, विषय संपला. कुणी मुद्दाम गेस्ट नाव देऊन उघडं ठेवलं असेल तर गोष्ट वेगळी. ब्रूस श्नायर, सिक्युरिटीतला एवढा मोठा माणूस, त्याने २००८ मध्ये लिहिलं होतं की मी घरचं वायफाय उघडंच ठेवतो. पण तो त्याने समजून उमजून घेतलेला निर्णय होता, शेजारच्या काकूंनी तसं काही ठरवलेलं नसतं.

"थोडंसंच तर वापरतो" हे तर मला अजिबात पटत नाही. एका चॅनलवर, म्हणजे राऊटर ज्या रेडिओपट्ट्यावर बोलतो त्यावर, साधारण एका वेळी एकच डिव्हाइस बोलू शकतं. भिंतीपलीकडे तुमच्या फोनला जेमतेम एक काडी रेंज, म्हणजे तो हळूहळू बोलणार, तेवढाच व्हिडिओ ओढायला कितीतरी जास्त वेळ चॅनल अडवणार आणि तिकडे राऊटरच्या बाजूला बसून पैसे भरणाऱ्याची मीटिंग अडकणार, का अडकतेय ते त्याला कळणारही नाही.

त्याहून मोठी गोष्ट आयपी अॅड्रेसची, म्हणजे इंटरनेटवर त्या कनेक्शनची ओळख सांगणाऱ्या नंबराची. बाहेर दिसतो तो शेजाऱ्याचा, तुमचा नाही. तुम्ही सज्जन आहात, मान्य, पण तुमच्या फोनमधल्या एखाद्या भलत्याच अॅपने काही उद्योग केले तर चौकशीला आधी त्याचं दार वाजणार, आणि त्या माणसाने काय सांगायचं?

धोका तुम्हालाही आहेच. २०१० मध्ये फायरशीप नावाचं ब्राउझर एक्स्टेंशन, म्हणजे ब्राउझरला जोडायचं छोटं प्रोग्रॅम, आलं, उघड्या वायफायवर बसलेल्या दुसऱ्याच्या चालू फेसबुक अकाउंटमध्ये एका क्लिकवर शिरता यायचं. आता एचटीटीपीएसमुळे, म्हणजे वेबसाइटशी होणारं बोलणं कुलूपबंद करून पाठवण्याच्या पद्धतीमुळे, ते बरंच अवघड झालंय, तरी नेटवर्क कुणाचं आणि त्यावर आणखी कोण आहे हे तुम्हाला माहीत नसतंच.

अगदी अडलंय, अँब्युलन्स बोलवायचीय, तर खुशाल वापरा आणि नंतर सांगा. एरवी बेल वाजवा, "तुमचं वायफाय उघडं दिसतंय" एवढं बोला, जमलं तर तिथेच सेटिंगमध्ये पासवर्ड घालून डब्ल्यूपीए२ किंवा डब्ल्यूपीए३ ही सुरक्षा लावून द्या. यादीत डब्ल्यूईपी ही जुनी सुरक्षा पद्धत दिसली तर ती नको, तिचं कुलूप २००१ मध्येच फुटलंय. आणि ते स्वतःहून म्हणाले की वापरा, तर बिलातला वाटा द्या.