टीव्हीमागचा डबा आणि डार्क वेब

डार्क वेबबद्दल विचारणाऱ्या बहुतेकांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: डार्क वेबवर नेणारा टॉर ब्राउझर टाकला तर पोलीस येतील का? नाही येणार. टॉर वापरणं भारतात गुन्हा नाही, त्यावरून काय करता ते कायदा बघतो. पण नागपूरच्या बर्डी बाजारातून स्वस्तात आणलेला अँड्रॉइड डबा (टीव्हीवर ॲप आणि सिनेमे चालवणारा बॉक्स) टीव्हीमागे लटकत असेल, तर हाच प्रश्न त्या डब्याबद्दल विचारायला हवा, आणि तिथे उत्तर इतकं निवांत नाही.

आधी टॉरचं आटपून घेऊ. गूगलला न सापडणारं सगळं म्हणजे डार्क वेब नव्हे. ग्राहक क्रमांक टाकल्यावर दिसणारं महावितरणचं बिल, बँकेचं पासबुक, तुमचा ईमेल, यातलं काहीच शोधात येत नाही आणि यायलाही नको. तो डीप वेब, म्हणजे आपला रोजचाच इंटरनेट. डार्क वेब हा त्यातला छोटा कोपरा. तिथे जायला वेगळं सॉफ्टवेअर लागतं, आणि त्यात सर्वात मोठं नाव टॉरचं. यामागची कल्पना १९९०च्या दशकात अमेरिकी नौदलाच्या संशोधन प्रयोगशाळेत निघाली, २००२मध्ये नेटवर्क सुरू झालं आणि २००६पासून टॉर प्रोजेक्ट ही ना-नफा संस्था ते सांभाळते.

टॉर ब्राउझर तीन रिले, म्हणजे डेटा पुढे पोचवणारे मधले संगणक, निवडतो आणि डेटावर एन्क्रिप्शनचे, म्हणजे गुप्त लिपीचे, तीन थर चढवतो. पहिल्या रिलेला तुमचा आयपी पत्ता (इंटरनेटवर तुमच्या कनेक्शनची ओळख असलेला क्रमांक) कळतो, पण तुम्ही कुठे चाललात ते कळत नाही. शेवटच्याला साइट कळते, माणूस कळत नाही. मधल्याला दोन्ही कळत नाहीत. साइट एचटीटीपीएस (साइटचं स्वतःचं एन्क्रिप्शन) नसेल तर मात्र शेवटचा रिले चालवणारा सगळं वाचू शकतो. डॉट ओनियन, म्हणजे फक्त टॉरवर उघडणाऱ्या साइटच्या, पत्त्यावर जाताना तीन रिले तुमच्या बाजूचे आणि तीन साइटच्या बाजूचे, म्हणून पान उघडायला वेळ लागतो. संथपणाला जिओ-एअरटेलला दोष देऊ नका.

वापरून बघायचंच असेल तर टॉरप्रोजेक्ट डॉट ऑर्गवरूनच डाउनलोड करा, किंवा अँड्रॉइडवर प्ले स्टोअरमधून, प्रकाशकाचं नाव ‘द टॉर प्रोजेक्ट’ आहे ना हे बघून. सिक्युरिटी लेव्हल ‘सेफर’वर ठेवा. एक्स्टेन्शन घालू नका, कारण त्यामुळेच तुम्ही गर्दीतून वेगळे ओळखू येता. टॉरमधून टोरंट चालवू नका, टोरंटचा प्रोग्रॅम खरा आयपी सांगून बसतो. स्वतःच्या जीमेलमध्ये शिरलात तर लपण्याचा सगळा खटाटोप तिथेच संपला. बँकेची साइट तर टॉरवर उघडूच नका. परदेशी रिलेवरून लॉगिन दिसलं की बँकेची यंत्रणा खातं अडकवू शकते. ओनियन पत्ता ५६ अक्षरी असतो आणि फसवणूक तिथेच होते: पहिली पाच-सहा अक्षरं जुळणारा खोटा पत्ता साध्या संगणकावरही तयार करता येतो, आणि लोक तपासतात ती तेवढीच. १६ अक्षरांचे जुने पत्ते २०२१पासून चालत नाहीत, त्यामुळे एखाद्या यादीत तेच भरलेले असतील तर ती यादी शिळी आहे. बीबीसीची ओनियन साइट उघडून बघा, कुतूहल भागतं. यूट्यूबवर सांगतात त्या ‘रेड रूम’च्या (पैसे घेऊन छळ थेट दाखवण्याच्या) गोष्टी सोडून द्या.

आता डबा. दुकानदार म्हणतो, “भाऊ, रिचार्जची झंझटच नाही, सारं फुकटात चालते.” या फुकटाची किंमत दुसरा कोणीतरी दुसरीकडे वसूल करत असतो. २०२३च्या जानेवारीत टी९५ नावाच्या अशाच एका डब्यात कारखान्यातूनच आलेला मालवेअर, म्हणजे घातक सॉफ्टवेअर, एका संशोधकाला सापडला. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये ह्यूमन सिक्युरिटी या कंपनीने त्यामागचं जाळं उघड केलं, त्याचं नाव बॅडबॉक्स. त्याची दुसरी आवृत्ती आली तेव्हा जून २०२५मध्ये एफबीआयने जाहीर इशारा दिला, आणि जुलैमध्ये गूगलने कोर्टात दावा लावताना बाधित उपकरणांचा आकडा एक कोटीच्या वर सांगितला. त्यात टीव्ही बॉक्स होते, टॅबलेट होते, प्रोजेक्टरही होते.

असा डबा तुमचे फोटो चोरत बसत नाही. त्याला तुमचा आयपी पत्ता हवा असतो. घरगुती कनेक्शनचा पत्ता साइटवाल्यांना खरा माणूस वाटतो, म्हणून असे पत्ते रेसिडेन्शियल प्रॉक्सी म्हणून भाड्याने दिले जातात. भाडेकरू त्यावरून चोरलेले पासवर्ड हजारो साइटवर लावून बघतो, खोटी खाती उघडतो, जाहिरातींवर बनावट क्लिक मारतो. तक्रार झाली की नोंद निघते तुमच्या पत्त्याची, आणि चौकशी सुरू होते कनेक्शन ज्याच्या नावावर आहे त्याच्यापासून. फुकटच्या व्हीपीएन ॲपमध्येही हाच धंदा सापडला आहे. मे २०२४मध्ये बंद पाडलेल्या ९११ एस५ या जाळ्यात असे १ कोटी ९० लाखांहून जास्त आयपी पत्ते होते.

ओळखायचं कसं? प्ले स्टोअर उघडा, प्रोफाइलच्या चित्रावर जा, सेटिंग्ज, मग अबाउट. तिथे ‘प्ले प्रोटेक्ट सर्टिफिकेशन’पुढे (प्ले प्रोटेक्ट म्हणजे गूगलची ॲप तपासणारी सुरक्षा) उपकरण प्रमाणित असल्याचं लिहिलेलं हवं. टीव्हीवर फोनसारखी स्क्रीन आणि वर फोनसारखी पट्टी दिसत असेल, तर तो खरा अँड्रॉइड टीव्ही नव्हेच, फोनचं मोफत अँड्रॉइड कोंबलेला डबा आहे. ॲप टाकण्याआधी प्ले प्रोटेक्ट बंद करायला सांगितलं, तर तिथेच थांबा. शंका असेल तर एक साधी चाचणी करा: डबा घरच्या वाय-फायवरून काढून फोनच्या हॉटस्पॉटला जोडा, काहीही न लावता दोन तास तसाच ठेवा आणि फोनच्या डेटा वापरात हॉटस्पॉटचा आकडा बघा. नुसत्या पडून राहिलेल्या डब्याने शेकडो एमबी खाल्ले आणि तेव्हा कुठलं अपडेटही चालू नव्हतं, तर तो पडून नव्हता. फॅक्टरी रिसेटने काही होत नाही, कारण मालवेअर सिस्टिमच्याच विभागात बसलेला असतो. रिसेट तोच पुन्हा कोरा करून देतो. असा डबा दुसऱ्याला विकू नका, ई-कचऱ्यात द्या.

काही जण म्हणतात, आमच्याकडे सीजीनॅट (इंटरनेट कंपनी एकच बाहेरचा आयपी अनेक घरांना वाटून देते ती पद्धत) आहे, बाहेरून कोणी येऊच शकत नाही. राउटरच्या स्टेटस पानावरचा वॅन आयपी (राउटरला बाहेरच्या बाजूने मिळालेला पत्ता) १००.६४ ते १००.१२७ या पट्ट्यातला असेल तर सीजीनॅट आहे हे खरं, आणि बाहेरून ठोठावणारे त्यामुळे अडतातही. पण डबा स्वतःच आतून बाहेर फोन लावतो. त्याला कोण अडवणार?

बाहेरून येणाऱ्यांची भीती डीव्हीआर (कॅमेऱ्यांचं चित्रण साठवणारा डबा) आणि कॅमेऱ्यांना जास्त. २०१६मध्ये मिराई नावाच्या मालवेअरने कॅमेरे, डीव्हीआर आणि राउटर ताब्यात घेतले तेव्हा त्याच्याकडे हत्यार होतं साठेक कारखानी युजरनेम-पासवर्डच्या जोड्यांचं, बस. २१ ऑक्टोबर २०१६ला त्याच फौजेने डाइन या डीएनएस (साइटच्या नावावरून तिचा आयपी पत्ता शोधून देणारी सेवा) कंपनीवर हल्ला केला आणि ट्विटर, नेटफ्लिक्स अडकले. आपल्याकडे कॅमेरे लावणारा बरेचदा सगळ्या गिऱ्हाइकांना एकच पासवर्ड देतो आणि मालकाला मोबाइलवर दिसावं म्हणून राउटरमध्ये ८०, ५५४, ८००० किंवा ३७७७७ हे पोर्ट (बाहेरून आत यायची क्रमांकाची दारं) उघडून जातो. ते उघडे आहेत का हे बघायला फोनचं वाय-फाय बंद करून मोबाइल डेटावर या आणि ब्राउझरमध्ये घरचा वॅन आयपी, पुढे कोलन (:) आणि ८० टाका. लॉगिनचं पान आलं तर ते जगालाही दिसतंय. शोदान हे २००९पासून चालणारं सर्च इंजिन अशीच उपकरणं शोधून नोंदवतं. बाकीच्या पोर्टवर ब्राउझरला पान दिसेलच असं नाही, त्यामुळे राउटरची पोर्ट फॉरवर्डिंग यादीच उघडून वाचा.

साफ करताना क्रम चुकवू नका. मिराईसारखा मालवेअर रॅममध्ये, म्हणजे तात्पुरत्या मेमरीत, राहतो, रिस्टार्टने जातो, पण पासवर्ड तोच असेल तर काही मिनिटांत परत येतो. म्हणून आधी इंटरनेटची वायर काढा, मग रिस्टार्ट, मग पासवर्ड बदला, फर्मवेअर (उपकरणाचं आतलं सॉफ्टवेअर) पेनड्राइव्हवरून अपडेट करा, आणि शेवटी वायर लावा. नवा कॅमेरा घ्यायचा असेल तर त्या मॉडेलचं एसटीक्यूसी या सरकारी चाचणी संस्थेचं प्रमाणपत्र मागा. ९ एप्रिल २०२५पासून सीसीटीव्हीला सुरक्षेच्या अटी लागू आहेत.

मे महिन्यात राउटर लटकला की लगेच व्हायरस म्हणू नका. घरगुती राउटर साधारण ४० अंशांपर्यंतच्या हवेसाठी बनवलेला असतो, आणि नागपुरात वरच्या मजल्यावरची खोली दुपारी ते ओलांडते. दुपारी दोन ते पाच लटकतो आणि रात्री नीट चालतो, तर दोष उन्हाचा. त्याला सेट-टॉप बॉक्सच्या डोक्यावरून खाली उतरवा. कूलरच्या झोतात मात्र ठेवू नका, ओल पोर्टमध्ये शिरते. रात्री तीनला, घर झोपलेलं असताना अपलोडचा दिवा सतत लुकलुकत असेल तर कारण दुसरं शोधा.

राउटरमध्ये करायचं काम अर्ध्या तासाचं आहे. मागच्या स्टिकरवरचा पत्ता, बहुधा १९२.१६८.१.१, ब्राउझरमध्ये टाका. ॲडमिनचा पासवर्ड बदला, फर्मवेअर अपडेट करा, डब्ल्यूपीएस (बटण किंवा पिनने वाय-फाय जोडणं), यूपीएनपी (उपकरणांनी स्वतःच पोर्ट उघडणं) आणि रिमोट मॅनेजमेंट (राउटर बाहेरून हाताळणं) बंद करा. मग गेस्ट नेटवर्क चालू करून स्मार्ट प्लग, बल्ब, कॅमेरे त्यावर हलवा; हे नेटवर्क २.४ गिगाहर्ट्झवर हवं, यातल्या बहुतेक वस्तूंना ५ गिगाहर्ट्झ दिसतच नाही. खरा स्मार्ट टीव्ही गेस्टवर टाकलात तर फोनवरून कास्ट होणार नाही, तो मुख्य नेटवर्कवरच राहू द्या. डीएनएस ९.९.९.९ केलात तर माहितीतले घातक पत्ते अडतात. आयपीव्ही६चाही (नव्या, लांब आयपी पत्त्यांचा) डीएनएस बदला, नाहीतर अर्धी वाहतूक जुन्याच वाटेने जाते. शिवाय बिघडलेली उपकरणं स्वतःचा डीएनएस वापरू शकतात, त्यामुळे एवढ्यावर डबा घरात ठेवायचा परवाना मिळाला असं समजू नका.

घड्याळं आणि इअरबड्स यांची काळजी वेगळी. ती बहुतेक ब्लूटूथवर चालतात, थेट इंटरनेटवर नसतात. बाहेर जाते ती कंपनीकडे दिलेली माहिती. एप्रिल २०२४मध्ये बोटच्या सुमारे ७५ लाख ग्राहकांची नावं, पत्ते, फोन नंबर आणि ईमेल असे चव्हाट्यावर आले. आपला ईमेल कुठल्या गळतीत आहे हे ‘हॅव आय बीन पॉन्ड’वर फुकट कळतं, टॉर लागत नाही. सापडला तर तोच पासवर्ड जिथे जिथे वापरला तिथे बदला आणि ‘सगळ्या उपकरणांवरून साइन आउट’ दाबा, कारण चोरलेल्या कुकीला (लॉगिन लक्षात ठेवणाऱ्या ब्राउझरमधल्या नोंदीला) पासवर्ड विचारला जात नाही. संगणकावरच मालवेअर असल्याची शंका असेल तर हे सगळं दुसऱ्या, स्वच्छ फोनवरून करा, आणि संगणक तपासायला सरकारी सायबर स्वच्छता केंद्राची मोफत साधनं वापरा. पैसे गेले असतील तर बाकी सगळं थांबवून आधी १९३०ला फोन लावा. रक्कम दुसऱ्या खात्यांत पांगण्याआधी गोठवता येते ती तेवढ्याच वेळात.