माडाला बांधलेली तार

ठाण्याच्या नौपाड्यातल्या आमच्या चाळीत रेडिओ आमचा होता, पण त्याची अर्धी एरियल पलीकडच्या वाडीतल्या माडावर होती. माड मागायला वडील गेले तेव्हा मी त्यांच्याबरोबर होतो. वाडीवाले काका झोपाळ्यावर बसून सगळं ऐकून घेत होते. शेवटी म्हणाले, "बांधा तार. पण पाडेली वर चढला आणि कोयता तारेवर पडला, तर माझ्याशी भांडायचं नाही. आणि बुधवारी रात्री आठला आम्ही ऐकायला येणार."

बुधवारी आठला, म्हणजे रेडिओ सिलोनवरच्या बिनाका गीतमालेला, हिंदी सिनेगीतांच्या कार्यक्रमाला. खरं तर सगळा खटाटोप सिलोनसाठीच होता. मुंबई केंद्राला एरियलची गरजच नव्हती. मालाडकडचे मनोरे डोंगरापलीकडेच, त्यामुळे कामगार सभा हा तिथला कार्यक्रम तार न लावताही खणखणीत लागायची. सिलोन मात्र शॉर्टवेव्हवर, समुद्रावरून, आकाशातल्या थरांवर आपटत यायचं. कधी गाणं जवळ यायचं, कधी विहिरीत पडल्यासारखं खोल जायचं. खोलीत ताणलेली तांब्याची जाळी अशा वेळी कमी पडे. उंच आणि लांब तारच हवी.

पण तार माडाला बांधली की माड झुलतो आणि तार तुटते. वडिलांनी माडाच्या बाजूला एक कप्पी अडकवली, तिच्यावरून दोरी घेतली आणि दोरीच्या टोकाला आईच्या फुटक्या वरवंट्याचा तुकडा टांगला. मधे चिनी मातीचं पांढरं अंडं, तारेत आलेला सिग्नल माडात उतरू नये म्हणून. वारा सुटला की वरवंटा खाली-वर व्हायचा आणि तार मात्र ताठ. पाऊस येणार का, हे आई आकाशाकडे न बघता वरवंट्याकडे बघून सांगायची. (अंदाज बऱ्याचदा चुकायचा, पण दोष वरवंट्याला.)

अर्थिंगचं काम माझ्याकडे होतं. चाळीमागे खड्डा खणून त्यात जुनी तांब्याची तपेली पुरली होती, भोवती कोळसा आणि मीठ. जमीन कोरडी पडली की खरखर वाढते, म्हणून मे महिन्यात रोज एक बादली पाणी ओतायचं. तळमजल्यावरच्या आजींना वाटायचं, आम्ही तिथे काहीतरी रुजत घातलंय. मृगाचे ढग आले की वडिलांची आरोळी यायची, "आधी एरियल काढ, मग वाळत घातलेले कपडे!" तार रेडिओतून उपटून अर्थिंगला जोडायची, म्हणजे वीज चमकली तरी रेडिओ सुखरूप.

आता मी घोडबंदर रोडला चौदाव्या मजल्यावर राहतो. उंची अशी की माडच काय, ताडही खाली. वाटलं, इथे सगळं जग ऐकू येईल. ऐकू येते ती खरखर. भिंतीतल्या लोखंडी सळ्यांनी घराचा पिंजरा केलाय, आणि अर्थिंगसाठी नळाला तार गुंडाळावी तर नळामागे प्लॅस्टिकचा पाइप.

एफएमचं एकवेळ सोपं आहे. विविध भारती १०२.८ मेगाहर्ट्झवर, म्हणजे लहर तीन मीटरला जराशी कमी, आणि तिचा चौथा हिस्सा, म्हणजे एरियलचा एकेक हात, साधारण ७३ सेंटिमीटर. टीव्हीची जुनी चपटी वायर टीच्या आकारात कपाटामागे चिकटवली आणि काम झालं. आकाशवाणी मुंबईची अस्मिता वाहिनी मात्र ५५८ किलोहर्ट्झवर. तिची लहर अर्ध्या किलोमीटरहून लांब, ती माझ्या कपाटामागे कशी मावणार? ट्रान्झिस्टरच्या पोटात एरियल म्हणून फेराइटची, म्हणजे चुंबकीय मातीची, काळी कांडी असते, ती स्टेशनला आडवी असेल तरच नीट ऐकते. म्हणून आमचा ट्रान्झिस्टर मालाडच्या दिशेला, येऊरच्या डोंगराकडे तोंड करून बसतो. झाडू मारताना कुणी तो सरळ करून ठेवला की सकाळच्या बातम्या बुडाल्या.

त्यातून दिवाळीत नवीनच गुरगुर सुरू झाली. मी घरातला मेन स्विच बंद करून सेलवर रेडिओ लावला. गुरगुर तशीच. म्हणजे आपल्या घरातली नव्हे. रेडिओ हातात धरून जिन्यात फिरलो, तर शेजारच्या दारापाशी ती सगळ्यात जोरात. त्यांच्या गॅलरीत एलईडीची माळ, आणि माळेचा स्वस्तातला अडॅप्टर. आता हे सांगायचं कसं? "तुमचे दिवे आमच्या रेडिओत ऐकू येतात" असं म्हणणारा म्हातारा कोणाला शहाणा वाटेल? चाळीत वडिलांनी माड मागितला, मला नुसता एक अडॅप्टर मागायचा होता, तरी आठ दिवस घालवले. शेवटी गेलो. मुलगा सज्जन होता. म्हणाला, "काका, ॲपवर सगळं येतं की." येतं. पण ॲपवर आठाचे ठोके पडतात तेव्हा आठ वाजून गेलेले असतात. घड्याळ लावणाऱ्या माणसाने काय करायचं? तो हसला आणि दुसऱ्या दिवशी नवा अडॅप्टर घेऊन आला.

मग तारेचा विचार पुन्हा डोक्यात शिरला. सोसायटीकडे अर्ज केला, गच्चीवर वीस मीटर तार टाकू द्या म्हणून. उत्तर आलं, इमारतीच्या बाह्य रूपाला बाधा येईल. मग मी नियम नीट वाचले. खिडकीच्या ग्रिलच्या आत दोरी बांधायला मनाई नव्हती. प्लॅस्टिकचं आवरण असलेली तार दोन फेऱ्यांत ताणली, तिचं टोक ट्रान्झिस्टरभोवती आठ-दहा वेढे देऊन सोडलं. बांधून झाली आणि त्या रात्री 'आपली आवड' हा गाण्यांचा कार्यक्रम असा लागला, की मी उगाचच उठून माड शोधायला खिडकीत गेलो.

रविवारी सकाळी आवाज पुन्हा बसला. अडॅप्टर तपासला, सेल बदलले, ट्रान्झिस्टर येऊरकडे वळवून पाहिला. मग खिडकीत गेलो. एरियलवर दोन टॉवेल आणि माझाच बनियन, ओलेगच्च.

"अहो, दोरी म्हणूनच बांधलीत ना?" सौ. म्हणाली, आणि तिसरा टॉवेल पिळायला घेतला.