अनोळखी नंबर

नातेपुत्यापासून दिंडीत शिरलो. अण्णा आळंदीपासून चालायचे. मी निदान आपल्या सोलापूर जिल्ह्यातली वाट तरी पायी करायची ठरवली. ते गेल्यानंतरची ही पहिली आषाढी.

सदाशिवनगरचं रिंगण गर्दीत धड दिसलं नाही. माळशिरसला शेजारच्या तंबूत रात्रभर भोंगा. पहाटे टँकरच्या रांगेत घुसणाऱ्याशी भांडलो. मग वीणेकऱ्यांनी चाल धरली आणि हातात टाळ कधी आले कळलंच नाही.

खुडूसनंतर मात्र पाय गेले. डाव्या टाचेला लिंबाएवढा फोड. बाभळीखाली मोजा काढत होतो, तर परभणीकडचे एक आजोबा समोर उकिडवे बसले. "फोडू नका माऊली, वरचं कातडं ऱ्हाऊ द्या." बंडीतून सुईदोरा काढला, काडी ओढून सुईचं टोक शेकलं, फोडाच्या या अंगानं घालून त्या अंगानं ओढली. दोरा आतच ठेवून दातानं तोडला. "पाणी गळंल आपोआप." वर खोबरेलात कालवलेली हळद. माझा पाय त्यांच्या मांडीवर होता, आणि वयानं ते अण्णांएवढे.

मग म्हणाले, "पोराला फोन लावून देता का?" नंबर टोपीच्या आतल्या कापडावर पेनानं लिहिलेला, घामानं पुसलेला आकडा त्यांनी तोंडी सांगितला. लावला. कट. पुन्हा लावला, पुन्हा कट. "ऱ्हाऊ द्या. कामात असंल," म्हणत टोपी घातली आणि दिंडी गाठायला निघालेसुद्धा.

अण्णांकडेही मोबाइल नव्हता. वारीच्या दिवसांत माझ्या फोनवर असे अनोळखी नंबर यायचे. अक्कलकोट रोडला एमआयडीसीत आमचा टॉवेलचा कारखाना. सुताचे भाव, परदेशी ऑर्डर, कंटेनरची घाई. मी न उचलता कट करायचो. कुठल्या मुक्कामावरून, कुणाच्या फोनवरून, काय सांगायला ते धडपडत होते, कधी विचारलं नाही. घरी आल्यावर प्रसाद हातात ठेवायचे, तोही उभ्या उभ्या घेतला.

वेळापूरच्या उतारावर सगळे धावले, मी लंगडत उतरलो. समाजआरतीनंतर फोन वाजला. "या नंबरवरून मिस्ड कॉल होता. कोण?" आवाजात तीच घाई. मला भयंकर राग आला. म्हटलं, "ठेवू नका. तुमचे वडील इथं आहेत, बोलायचंय त्यांना." आजोबांच्या गळ्यातल्या बिल्ल्यावरचा दिंडी क्रमांक लक्षात होता. तंबूंच्या दोऱ्या, चुली, चिखल तुडवत निघालो. मध्येच तो म्हणाला, "उद्या करू का?" मी ओरडलोच, "नाही! आत्ताच!"

आजोबा भाकरी खात होते. "हां, वेळापूरला आलो. पाय बरे हायत. जेवलास का? पोरं शाळेत जात्यात ना? बरं, ठेवतो, दुसऱ्याचा फोन हाय."

एवढंच. मिनिटभरसुद्धा नाही.

तिथूनच आईला फोन लावला. विचारलं, अण्णांना वारीतून मला काय सांगायचं असायचं?

"काय असणार? तुझा लागला नाही की मला लावायचे. पोराला सांग पोचलो म्हणून. मी सांगायचेच की तुला. तू 'हं' म्हणायचास." मग म्हणाली, "तुझे पाय कसे आहेत?"

आणि मी तिला फोड, दोरा, हळद, आजोबा, सगळं पहिल्यापासून सांगायला लागलो.