वॉर्म हेडफोनचा शोध: मार्च ते जूनची नोंद

मार्च

नवीन काही मागवण्याआधी घरात आहे त्याच हेडफोनवर, इक्वलायझर लावून (म्हणजे आवाजाचे वेगवेगळे पट्टे कमी-जास्त करून), 'वॉर्म', म्हणजे खाली भरीव आणि वर मऊ, यात आपल्याला नेमकं काय हवं ते ठरवायचं. कॉम्प्युटरवर इक्वलायझर एपीओ हा प्रोग्रॅम आणि तो सोपा करणारं पीस. फोनवर वेव्हलेट ॲप चालतं, पण त्यातले बँड (पट्टे) ठरलेले असल्यानं काम ढोबळच होतं.

सुरुवातीचं सेटिंग: प्रीअँप (एकूण पातळी) −४ डीबी, १०५ हर्ट्झला लो शेल्फ (त्याखालचं सगळं) +३, ३ किलोहर्ट्झला −१.५, क्यू (पट्टा किती अरुंद) १. ७ किलोहर्ट्झला −३, क्यू २. प्रीअँप विसरला की डग्ग्याच्या थापेवर आवाज फाटतो, आणि दोष हेडफोनला दिला जातो.

लो शेल्फनं तानपुऱ्याला अंग येतं, ३ किलोहर्ट्झची कपात गायकाला पाऊलभर मागे नेते आणि ७ ची कपात 'स', 'श' आणि झांजेची टोच काढते. नुसता बास वाढवला की वॉर्म होत नाही, घुमायला लागतं. २०० ते ३०० हर्ट्झ फुगले तर पुरुषाचा आवाज रांजणात तोंड घालून गायल्यासारखा येतो.

७ किलोहर्ट्झ हा आकडा मात्र प्रत्येकाच्या कानागणिक सरकतो. साइन टोन (एकच शुद्ध सूर) अगदी हळू आवाजात ५ ते १० किलोहर्ट्झपर्यंत न्यायचा आणि जिथे टोचेल तिथे खड्डा पाडायचा. ६ डीबीच्या पुढे गेलात तर सगळ्यावर पोतं टाकल्यासारखं होतं.

पारखायला खंजिरीइतकं चोख वाद्य नाही. तुकडोजी महाराजांमुळे ती आपल्याकडे गावोगावी आहे, रेकॉर्डिंगची वानवा नाही. चामड्यावरची थाप आणि चकत्यांची छनछन एकाच क्षणी येते. थाप गोल हवी आणि चकत्या वेगळ्या ऐकू याव्यात, पण टोचू नयेत. थाप गोल झाली पण चकत्या एकमेकींत मिसळल्या, तर वरची कपात जास्त झाली.

एप्रिल

कूलर सुरू झाला आणि मार्चचं सेटिंग एकदम पातळ वाटायला लागलं. कूलरची घरघर बरीचशी खालच्या पट्टीत असते, ती नेमका बास झाकते. हात आपोआप शेल्फ +६ वर जातो आणि रात्री कूलर बंद केला की तेच सगळं चिखल. म्हणून सेटिंग दोन ठेवायची, आणि हेडफोनबद्दलचा निर्णय कूलर बंद असतानाच घ्यायचा. ओपन-बॅक (मागून उघडा) हेडफोन असेल तर हा त्रास जास्त, कारण बाहेरचं सगळं आत येतं.

दोन हेडफोन ताडून पाहताना आवाजाची पातळी सारखी करा. १ डीबीनं मोठा असलेला नेहमी जास्त भरीव वाटतो. बहुतेक वाद इथेच मिटतात.

मे

दुपट्टा बांधून त्यावर क्लोज्ड (मागून बंद) हेडफोन लावला की फट राहते आणि बास गळतो. चष्म्याच्या काड्यांचंही तेच. ५० हर्ट्झचा टोन लावून कप हलके दाबा. बास वाढला तर फट आहे. रेक्झिनचे पॅड घामानं कडक होतात, मग सोलतात. ऐकून झालं की कोरड्या कापडानं पुसायचे. मखमली पॅड ४५ अंशांत सोसवतात, पण चपटे झाले की ड्रायव्हर (आवाज काढणारा आतला भाग) कानाजवळ येतो आणि सूर बदलतो.

जून

हेडफोनची यादी आता छोटी आहे. सेनहायझर एचडी ६५० (२००३, ओपन-बॅक, इंपीडन्स म्हणजे विजेला होणारा अडथळा ३०० ओहम): १०० ते २०० हर्ट्झला थोडा उभार आणि वर मऊपणा. तानपुरा, तबला, हार्मोनियमला फार गोड. ५० हर्ट्झच्या खाली मात्र उतरतो, डीजेचा धमका शोधणाऱ्यानं याच्या वाटेला जाऊ नये. मेझे ९९ क्लासिक्स (क्लोज्ड, ३२ ओहम) याहून बराच जाड. कॉस पोर्टा प्रो (१९८४, ६० ओहम) हलका, स्वस्त, बास फुगीर, पण स्पंज लवकर भुगा होतो. बेयरडायनॅमिक डीटी ९९० प्रो यादीतून बाहेर. वरची धार त्याची ओळखच आहे.

एचडी ६५० ला १ व्होल्टवर १०३ डीबी मिळतात. फोनला लावायच्या १ व्होल्टच्या डोंगलवर आजचं मोठ्या पातळीचं रेकॉर्डिंग सहज निघतं. जुनं, हळू रेकॉर्डिंग आणि वर −४ चा प्रीअँप आला की २ व्होल्ट बरे. ३२ ओहमच्या हेडफोनला स्रोताचा (डोंगल किंवा अँपचा) आउटपुट इंपीडन्स ४ ओहमच्या आत हवा. एचडी ६५० चा इंपीडन्स १०० हर्ट्झच्या आसपास ५०० ओहमजवळ चढतो, त्यामुळे १२० ओहम आउटपुट इंपीडन्सच्या अँपवर तिथे साधारण १ डीबी आपोआप वाढतो. 'ट्यूब अँपचा गोडवा' म्हणतात त्यातला काही वाटा हाच.

घूं-घूं येत असेल तर आधी लॅपटॉपचा चार्जर काढा. बॅटरीवर थांबली तर दोष अर्थिंगचा. गावात थ्री-पिन सॉकेट असतं, पण मागे अर्थची वायर असेलच असं नाही. लाइट गेल्यावर स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टरवरही अशीच कुरकुर येते, त्या वेळी अँप बाजूला ठेवून फोन आणि डोंगलच बरा.

सध्याचं सेटिंग, एचडी ६५० वर: ४० हर्ट्झला लो शेल्फ +३, वर ६.८ किलोहर्ट्झला −१.५, प्रीअँप −३. १०५ चा शेल्फ काढलाय, तिथे आधीच पुरेसं आहे. पावसाळ्यात पॅड बदलले की वरचा खड्डा पुन्हा शोधायचा.