पितळेची पुंगळी जाणार का?

काडतुसाची पितळी पुंगळी, म्हणजे दारू आणि गोळी धरून ठेवणारं नळकांडं, आता जाणार का, असं तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. दारूगोळ्याच्या कारखान्यात प्रेसवर पितळ ओढण्यात माझी उमेदीची वर्षं गेली. अमेरिकी फौजेच्या नव्या काडतुसाची बातमी आली की ओळखीचे लोक हमखास विचारतात, "आता पितळ संपलं ना?"

इतक्यात नाही संपत. बार उडाला की पुंगळीचं पितळ फुगतं, चेंबरला, म्हणजे बंदुकीत काडतूस बसतं त्या खोबणीला, घट्ट चिकटतं आणि गॅस मागे येऊ देत नाही. दाब उतरला की तेच पितळ अंग चोरतं, म्हणून पुंगळी विनातक्रार बाहेर पडते. ७० टक्के तांबं, ३० टक्के जस्त, एवढ्यावर हे जमतं. शिवाय पुंगळी बाराची उष्णता घेऊन बाहेर जाते. रेंजवर एकदा उडालेली पुंगळी माझ्या कॉलरमध्ये शिरली, मानेवरचा डाग कितीतरी दिवस होता. जर्मनांनी जी-११ रायफलीसाठी पुंगळीच नसलेलं काडतूस केलं, तेव्हा सुरुवातीला हीच उष्णता नडली. तापलेल्या चेंबरमध्ये बार आपोआप उडायचे. पुढे त्यांनी दारू बदलून ते बरंचसं सोडवलं, पण जर्मनीच्या एकीकरणानंतर रायफलच बारगळली.

पितळालाही खोड आहे, आणि ती आपल्याच पावसाळ्यात उघडी पडली. ब्रिटिश अमदानीत तबेल्यांजवळ साठवलेली काडतुसं न वापरताच तडकायची. घोड्यांच्या मुतातला अमोनिया, दमट हवा आणि ओढताना पितळात दडून राहिलेला ताण, तिन्ही एकत्र आले की चीर पडलीच. १९२१ साली इंग्लंडमधल्या संशोधकांनी ही कारणं नीट मांडली. उपाय म्हणजे बेताचा ताव, पितळ जरा तापवून आतला ताण उतरवायचा. ठोकून ठोकून कडक झालेलं भांडं पुण्याच्या तांबट आळीतला कारागीर पुन्हा भट्टीत घालतो, त्याच जातीचं काम. फौजी काडतुसाच्या गळ्याशी निळसर-तांबूस पट्टा दिसतो ना, ती त्या तावाची खूण. नवशिक्याला तो डाग वाटतो. मला तो पट्टा दिसला की बरं वाटतं.

पितळाला पर्याय नाही असं मी म्हणणार नाही. रशियन लोक कलाश्निकोव्हसाठी पोलादी पुंगळ्या कित्येक दशकं वापरत आलेत. अमेरिकेने २०२२ मध्ये निवडलेल्या ६.८ मिलिमीटरच्या काडतुसाचा दाब ८० हजार पीएसआयच्या (दर चौरस इंचावर इतके पाउंड) घरात जातो. तेवढा पितळी बुडाला झेपत नाही, म्हणून बूड पोलादी केलं. अंग मात्र पितळेचंच ठेवलं! त्या निवडीच्या स्पर्धेत पॉलिमरची, म्हणजे प्लास्टिकच्या जातीची, पुंगळीही होती, ती मागे पडली. तरी पॉलिमरला मी हसत नाही. काडतुसाचं जवळजवळ निम्मं वजन पुंगळीचं असतं, आणि ते जवानाच्या अंगावर असतं. मशीनगनच्या काडतुसांच्या पट्ट्यांत पॉलिमरची पुंगळी आली तर मला आनंदच होईल.

फक्त त्याआधी त्या काडतुसांची एक पेटी कोकणातल्या एखाद्या गोदामात वीस पावसाळे ठेवा. मग उघडून प्रत्येक पुंगळीचा गळा भिंगाखाली बघा.